डाव्या कडेवर

बेळगावच्या वडगावात लाइट गेली की बाळं उठतात.

हे मला लग्न होऊन इथं आल्यावर कळलं. आमच्या गल्लीत घरटी दोन-चार माग. सकाळी सहाला जी खडखड सुरू होते ती रात्रीपर्यंत. पाहुणा आला तर त्याला शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. पण तुळईला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत बाळ गाढ झोपलेलं असतं. त्याला ती खडखड हीच अंगाई. मग दुपारी कधीतरी लाइट जाते. सगळे माग एका दमात थांबतात, गल्ली चिडीचूप होते, आणि त्या शांततेला दचकून एकेका घरातून टाहो सुरू होतो. सासूबाई म्हणायच्या, "गल्लीत पोरं किती, मोजायची असतील तर लाइट जायची वाट बघावी."

सासूबाईंनी तीन मुलं त्याच झोळीत वाढवली. त्यांचं काम कांड्या भरण्याचं, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. चरख्याजवळ बसायच्या, झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्यात. हात कांडीवर, पाय झोळीवर. मागावर धागा तुटला की सासरे हाक मारायचे. मग अंगठ्यातला फास काढून खुंटीला अडकवायचा, झोळीला एक जोराचा झोका द्यायचा, आणि ती आपल्या झोक्यावर हलतेय तोवर धागा जोडून परत यायचं. झोका थांबायच्या आत पायाचा अंगठा पुन्हा फासात. मी हे बघितलं ते नणंदेच्या मुलाच्या वेळी. तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. आता तेवढं वाटत नाही. त्या अंगठ्याला दोरीचा वळ होता, चांगला काळा पडलेला, आणि तो कुठल्याच हिशेबात नव्हता. कांड्यांचा हिशेब व्हायचा, साडीचा व्हायचा.

"घरातच तर असतात बायका, पोराकडं बघायला काय लागतंय?" हे वाक्य मी शहापूर, वडगाव, खासबाग या सगळ्या विणकर पट्ट्यात ऐकलंय. माझ्या मावशीकडं निपाणीतही ऐकलंय. तिथं मागाच्या जागी मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेल्या पाल्याचा ढीग. हजार विड्या वळून व्हायच्या तर मान वर करायला सवड नाही, आणि मांडीवर सूप असल्यावर पोर कुठं बसणार? मावशीचा धाकटा पाठीला पाठ लावून बसायचा. सुपातला तंबाखू हातात धरायचा, हात तोंडात घालायचा. मावशी न बघता मागं हात नेऊन त्याचं तोंड पुसायची. घरात असणं आणि रिकामं असणं यातला फरक बाहेरच्याला दिसत नाही, इतकंच.

झोळीचंही एक वय असतं. मूल झोळीत मावतं तोवर सगळं निभतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं, रांगायला लागलं, की त्याच घरात पट्टे, चाकं, दातेरी गिअर. आमच्या गल्लीत एका पोराच्या करंगळीचं टोक नाही. आता तो चांगला बाप्या झालाय, मोबाइलचं दुकान आहे त्याचं. कुणी विचारलं तर म्हणतो, "लहानपणी मागावर कामाला होतो." ऐकणारे हसतात. त्याची आई हसत नाही.

माझी मुलगी 2012 सालची. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाला. बाळंतपणाची रजा तेव्हा बारा आठवडे. तेरावा आठवडा लागला तशी मी टमटमनं कामावर हजर झाले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सासूबाई घरात होत्या, दोन माग चालू होते, गुडघे धरले होते. पहिले काही महिने त्यांनी झोळी हलवली. मी अकराच्या सुमाराला व्हाउचरवर सही घेत असायची आणि पदर ओला व्हायचा. घरी मुलगी उठायची वेळ अंगाला बरोबर कळायची. मग बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचं. दूध असं मोरीत सोडताना पहिल्या दिवशी रडले. नंतर सवय झाली. सवयीचं मला अजून जास्त वाईट वाटतं.

एकदा साहेबांना विचारलं, दुपारी अर्धा तास घरी जाऊन येऊ का? साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "तुम्हाला सोडलं तर कोअर शॉपमधल्या बायका पण विचारतील." बरोबरच होतं त्यांचं. त्या बायकांनाही लेकरं होतीच की.

कायदा काय म्हणतो ते मी तेव्हाच वाचून काढलं होतं. हिशेबवालीला कायद्याची पुस्तकं हाताशी असतात. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 48 पाळणाघराचं. पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथं पाळणाघर हवं, असं आधी होतं. 1976 च्या दुरुस्तीनं तो आकडा तीसवर आणला. आमच्याकडं ऑफिसात आम्ही तिघी, कोअर शॉपमध्ये अकरा. झाल्या चौदा. भट्टीवर, मशीनवर पुरुष ढिगानं, पण ते या मोजणीत नाहीत. कायद्याच्या लेखी बापांना लेकरं नव्हती.

2017 मध्ये ते बदललं. रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास माणसं असतील त्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यायचं, असं आलं. या पन्नासात पुरुषही धरलेले. मी तो कागद वाचून खूश झाले होते, माझी मुलगी तोवर पाच वर्षांची झाली होती तरी. मग आठवलं की आमचं पगारपत्रक मीच करते. आमच्या हजेरीवर माणसं 46. बाकीची ठेकेदाराची. नंतरच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा पन्नासचाच आहे, आणि आमचाही 46 च्या आसपासच राहिला आहे. यात कुणी काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही. पण पन्नास हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांना आमच्या भागातले कारखाने केवढे असतात ते माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं. आणि घरातला माग, मांडीवरचं सूप? तिथं मोजायला उंबराच नाही. मालक कोण तेच कळत नाही तिथं पाळणाघर कुणी बांधायचं?

तर मुलगी रांगायला लागली आणि आम्ही जागा हुडकायला लागलो. टिळकवाडीत एक पाळणाघर होतं, भिंतीवर कार्टून, फरशी पुसलेली, बाई बोलायला गोड. महिन्याला साडेतीन हजार, आणि साडेपाचला बंद. माझा पगार साडेसात. साडेपाचच्या पुढं अर्ध्या तासाला वेगळे पैसे. मी जिना उतरताना मनात गुणाकार केला आणि खाली येईपर्यंत विषय संपला.

शेवटी मिळाली ती अव्वा. आमच्या मागच्या गल्लीतली, कानडी घरातली, साठीच्या पुढची. तिचा माग विकला गेला होता, मुलगा गोव्याला. ती चार पोरं सांभाळायची. माझी पाचवी. महिन्याला आठशे रुपये, दूध तुमचं, लंगोट तुमचे. एक खोली, दाराला आडवी फळी, म्हणजे पोर बाहेर पडू नये. खेळणी म्हणजे रिकाम्या कांड्या. आणि मागावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा, टोकं काढलेला, तो बस म्हणून चालायचा, होडी म्हणून चालायचा, कधी फोन. पुढं मुलीला शाळेत घातल्यावर भेटीच्या दिवशी टीचरनी रंगीत ठोकळ्यांचा सेट दाखवून त्याची किंमत सांगितली, तेव्हा मला तो धोटा आठवला.

अव्वाला मराठी कळायचं पण बोलायची ती कानडीच. त्यामुळं माझी मुलगी पहिल्यांदा बोलली ती कानडी. एके रात्री जेवताना माझ्याकडं हात करून म्हणाली, "हालु." मला वाटलं काहीतरी हलवायचंय तिला. सासूबाई हसायला लागल्या. कानडीत हालु म्हणजे दूध. सासरे म्हणाले, "बरोबर बोलतेय की पोरगी, दुधाचेच हाल आहेत या घरात." मी पण हसले. पण रात्री झोप लागेना. तिचं दुधाचं नाव दुसऱ्या बाईनं ठेवलं होतं, हे मनातून जाईना. आज हे सांगताना मलाच लाज वाटते. आठशे रुपयांत एका म्हातारीनं माझ्या मुलीला भाषा दिली, आणि मी ती कुठली म्हणून रुसले होते.

हळूहळू लक्षात आलं, अव्वा झोपवताना जे म्हणते ते "जो जो"च. कानडी जोगुळात, म्हणजे अंगाईतही जो जो आणि आपल्या पाळण्यातही जो जो. पोराला झोप येईपर्यंत भाषेचा प्रश्न सुटलेला असतो.

तीन वर्षांची झाल्यावर अंगणवाडी. इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण अंगणवाडीबद्दल लोक एक तर नाक मुरडतात नाहीतर गहिवरतात. हा शब्द आपला, ताराबाई मोडकांचा. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. बालवाडी काढली तर वस्तीवरची गरिबांची पोरं तिथवर येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं अनुताई वाघांनी कोसबाडला ते काम आयुष्यभर केलं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशात 33 ठिकाणी, त्यातलं कर्नाटकातलं म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरचं. तेव्हा हा शब्द देशभर गेला. आज आमच्या गल्लीतल्या पाटीवर कानडी अक्षरांत अंगनवाडी लिहिलेलं आहे. पाटी कानडी, शब्द मराठी. आमच्याकडं पाटीवरून वाद व्हायला वेळ लागत नाही, पण या एका शब्दावर अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. मीही सांगायला नको होतं.

आमच्या अंगणवाडीची टीचर कानडी होती. गाणी कानडीत, हत्ती कानडीत, रंग कानडीत. माझ्या मुलीला काही अडलं नाही, ती अव्वाच्या हाताखालून गेलेली. पण शेजारच्या घरातला पोरगा महिनाभर दाराशी उभा राहायचा, आत बोलतात ते कळत नाही म्हणून, आणि मग त्यानं जायचंच सोडलं. मराठी पोरांच्या अंगणवाडीत मराठी येणारी बाई असावी ही मागणी चूक नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. फक्त एक नोव्हेंबरच्या, कर्नाटक राज्याच्या स्थापना दिवशीच्या निषेध फेरीत काळी फीत लावून चालताना मला दर वर्षी एक वाटत आलंय. आम्ही पाटीची भाषा मागितली, कागदाची मागितली, शाळेची मागितली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पोरगं कुठं ठेवायचं, हे कुठल्याच भाषेत मागितलं नाही. तिकडं कानडी बायांनीही मागितलं नसावं.

कारण अंगणवाडी चारला सुटते. आमची साडेनऊ ते चार. माझं नऊ ते सहा. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी दोन तास, असे अडीच तास रोज कुणाच्या तरी पदरात टाकायचे. ते अव्वाच्याच पदरात पडत राहिले. तिनं पाचशे घेतले त्याचे. आणि हे तीन वर्षांच्या पुढच्याचं. त्याच्या आतल्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो, लस मिळते, वजन होतं. या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढं दवाखान्यात पाठवणं, शाळापूर्व शिक्षण, आणि आईला आहार-आरोग्याची माहिती. कधी निवांत वाचा ही यादी. सहात सगळं आहे, सांभाळणं नाही. योजना करणाऱ्यांनी असं धरलंय की मूल आईपाशी आहे, आई घरी आहे, आणि बाई फक्त तिला येऊन सांगेल की नाचणी घाल. नाचणी घालायला ती घरी असती तर काय हवं होतं!

तरी मी अंगणवाडीला नावं ठेवणार नाही. मुलीनं तिथं गरम जेवण जेवलंय, क्षीरभाग्य योजनेतलं भुकटीचं दूध "हालु, हालु" करत प्यायलंय. आणि त्या टीचरला काय मिळत होतं? मानधन. पगार नव्हे. घरोघरचा सर्व्हे तिनं करायचा, मतदार याद्यांना तिला जुंपायचं, गर्भारणीची नोंद तिची, आणि पुन्हा ती "स्वयंसेविका". त्यांना ग्रॅच्युइटी द्यायला हवी हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पोरं सांभाळण्याचं काम आपल्याकडं मायेचं धरतात, आणि मायेचे पैसे विचारले की लोकांना राग येतो. मलाही यायचा. अव्वानं आठशेचे हजार मागितले तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले होते, "पाच पोरांचे पाच हजार होतात तिला." मी हिशेबवाली. पाच पोरांचे शी-शू, ताप, भांडणं, दात, यांचा हिशेब मात्र मला त्या दिवशी सुचला नाही.

अव्वा आता नाही. तिच्या दारातली आडवी फळी नव्या बिऱ्हाडानं काढून टाकली. आता गल्लीतल्या पोरी शिकलेल्या आहेत, शोरूमला, दवाखान्यात, फाउंड्रीत जातात. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून 2023 पासून बाईला बसला तिकीट नाही. खानापूरकडच्या पोरी रोज फुकट बेळगावला येतात, हे फार चांगलं झालं. बसमध्ये बघते तर दोनपैकी एकीच्या फोनवर घरून बोलणं चालू असतं: "खाल्लं का? झोपलं का? मामीकडं दे बघू फोन." तिकडून फोनवर कोण असतं? सासू, जाऊ, नणंद. आणि फार वेळा, आवाजावरून कळतं, एक लहान मुलगी.

इथं मला अक्काबद्दल लिहायचं होतं. इतका वेळ टाळलं.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पलीकडं. भाताचा मुलूख. पावसाळ्यात रोप लावणी, मग भांगलण, मग कापणी. आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. मी 1984 ची, अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मधली दोन भावंडं जगली नाहीत. आई सकाळी डोक्यावर इरलं घेऊन चिखलात उतरायची आणि मी अक्काच्या कडेवर. दिवसातून तीनदा अक्का मला बांधावर घेऊन जायची, आई चिखलाचे हात पदराला पुसून मला पाजायची, मी परत कडेवर. अक्काची उंची ती किती! मी लोंबकळत असणार. तिला आजही तुम्ही रांगेत उभी बघा, बसच्या नाहीतर रेशनच्या, डावा खुबा बाहेर काढून उभी असते. डाव्या कडेवर अजून कुणीतरी आहे असं. माझं वजन आहे ते. मी बी. कॉम. झाले, अक्का तिसरीपर्यंत शिकली. घरात कधी कुणी या दोन गोष्टी एका वाक्यात बोललं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. अक्काचं सासर शेजारच्याच गावचं, पण आईच्या मागं ती आमच्याच घरात येऊन राहिलीय. तिचा नातू दोन वर्षांचा. सून रोजगार हमीवर, अक्का स्वतः लोकांच्यात कापणीला. रोजगार हमीच्या 2005 च्या मूळ कायद्यातच होतं, कामावर बायकांबरोबर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईनं त्यांना बघायचं आणि तिलाही तीच मजुरी द्यायची. अक्का म्हणाली, मागं तळ्याच्या गाळाच्या कामावर एका म्हातारीला तसं बसवलं होतं, चिंचेखाली. म्हातारीला झोप यायची. पोरं तळ्याकडं.

2023 च्या अर्थसंकल्पात कर्नाटक सरकारनं 'कूसिन मने' जाहीर केलं, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांच्या लहान मुलांसाठी, चार हजार ग्रामपंचायतींत. कूसु म्हणजे तान्हं बाळ, मने म्हणजे घर. बाळाचं घर. गावातली मराठी माणसं त्याला कुशीचं घरच म्हणतात. भाषांतर चुकलंय, पण दुरुस्त करायला गेले नाही.

अक्का त्या दिवशी नातवाला पहिल्यांदा तिथं नेणार होती. सून म्हणून म्हणून थकली होती, अक्का ऐकत नव्हती. "परक्या बाईकडं पोर?" मी म्हटलं, चल, मी येते. पंचायतीच्या मागं मराठी शाळेची जुनी खोली. शाळा आता नव्या इमारतीत गेली, पटही घटला. जुन्या खोलीला रंग दिलेला. भिंतीवर फुलपाखरू, आंबा, हत्ती, खाली कानडीत नावं, आणि कुणीतरी खडूनं त्याखाली मराठीत लिहिलेली. सतरंजी, सहा-सात पोरं, एका कोपऱ्यात गॅस, त्यावर कुकर. एक पोरगं नळाखाली हात धरून पाणी सांडत होतं आणि त्याला कुणी ओरडत नव्हतं.

अक्का दारात थांबली. आत येईना. मला वाटलं चप्पल काढायलीय. ती डावीकडच्या खिडकीकडं बघत होती.

"हितं बसायची मी," म्हणाली. "तू मांडीवर. गुरुजी काय बोलायचे नाहीत. तू रडलीस की म्हणायचे, जा गे, जरा फिरवून आण. मी फिरवून आणायची, परत बसायची. एकदा असंच फिरवायला म्हणून गेले. सुगी चालू होती. ती परत आलेच नाही बघ."

मला काही बोलायला सुचेना. ती सांगत होती ते तक्रारीनं नव्हे. पावसाचं सांगावं तसं.

सांभाळणारी बाई तिशीची असेल, गावातलीच सून. येऊन नातवाच्या गालाला हात लावला. तो अक्काच्या मानेत तोंड खुपसून बसला. अक्कानं तिची उलटतपासणी सुरू केली. किती जणी असता, पोर पडलं तर काय करता, दुपारी काय घालता, किती वाजता सोडता. बाई नीट उत्तरं देत होती. पोरं घेऊन गेल्याशिवाय कुलूप लावत नाही म्हणाली, शेवटच्या पोराची आई येईपर्यंत थांबते. कधी कधी सहा वाजतात.

"आणि तुझं गे? तुला हाय की नाही बाळ?"

"आहे की. वर्षाचं."

"हितं आणत नाहीस?"

"आधी आणत होते. मग बाया म्हणायला लागल्या, आपलंच बघते, आमच्याकडं लक्ष देत नाही. आता थोरली बघते घरात."

"कितवीला थोरली?"

"तिसरीला. पण हुशार आहे हं आज्जी. बाळ झोपलं की पाढे म्हणत बसते."

अक्का काही बोलली नाही. डाव्या कडेवरून नातवाला खाली घेतलं आणि सतरंजीवर बसवलं. तो रडला नाही. अक्का तशीच उभी राहिली, खुबा बाहेर काढून. मग चप्पल घालत बाईला म्हणाली, "उद्यापासनं तुझ्या बाळाला हितं घेऊन ये. कोण काय बोलतंय बघते मी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, उद्या तुला कापणी नाही का?

"हाय की," अक्का म्हणाली. "सकाळी एकदा येऊन जाते. थोरलीला शाळेत सोडलं का तेवढं बघून."